समुद्रापलीकडची मंडळी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी उपासनेत संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, आधी आजाऱ्यांची नावे वाचली जातात. नावे एका वहीत लिहिलेली असतात आणि ती वाचण्याचे काम तरुण संघातील एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे असते. कोणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असते, कोणाची साखर वाढलेली असते, कोणी पुण्याच्या इस्पितळात महिनाभर पडून असते. नावे संपली की पाळकसाहेब सर्वांसाठी मिळून एक प्रार्थना करतात आणि मंडळी ‘आमेन’ म्हणते. २०१९च्या जानेवारीपासून या यादीच्या शेवटी अशी काही नावे येऊ लागली की ती वाचताना मुलांची जीभ अडखळे. ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका लहान गावच्या मंडळीतील माणसांची नावे होती. त्या मंडळीशी आमचा संबंध जुळून तेव्हा तीस वर्षे झाली होती. या तीस वर्षांत आमच्याकडून तिकडे शंभरावर पत्रे गेली असतील आणि त्यांतील बरीचशी मी स्वतः लिहिली. तरीही तिकडची माणसे आजारी पडतात का, पडली तर त्यांच्याजवळ कोण बसते, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

आम्ही नगर जिल्ह्यातले. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी बोलण्यात आम्ही ‘नगर’च म्हणतो. येथील ख्रिस्ती मंडळ्यांचे मॅसॅच्युसेट्सशी नाते आमच्या पत्रव्यवहारापेक्षा फार जुने आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी त्या राज्यातील सेलम या बंदराच्या गावी, टॅबरनॅकल चर्चमध्ये, पाच तरुणांना परदेशी सेवेसाठी पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेचे नाव ‘अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स’ असे होते. ती १८१० साली स्थापन झाली होती आणि तिचा कारभार बोस्टनहून चाले. त्या पाचांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे कलकत्तामार्गे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. कंपनी सरकारला ते देशात नको होते आणि त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले होते. बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर त्यांना राहू देण्यात आले. पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने जे काम वाढले, त्याची ही सुरुवात होती.

हॉल यांच्या मृत्यूची हकिकत मी लहानपणी आजोबांकडून ऐकली होती. मार्च १८२६ मध्ये ते नाशिकच्या बाजूला फिरतीवर गेले असता तेथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ चालू होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटून टाकली आणि ती संपल्यावर ते मुंबईकडे परत निघाले. वाटेत सिन्नरजवळच्या दोडी-दापूर येथे रात्री एका देवळाच्या ओसरीत त्यांनी पथारी टाकली. पहाटे त्यांनाच पटकीने गाठले आणि दुपारपर्यंत सारे संपले. बरोबर दोन ख्रिस्ती मुले होती, त्यांनीच धडपड करून त्यांचा दफनविधी उरकला. हॉल तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज नेहमी देवळाच्या ओसरीपाशी थांबत असे. परक्या धर्माचा, परक्या देशाचा माणूस मरणाच्या रात्री देवळात निजला आणि कोणी त्याला उठवले नाही, हे त्यांना विशेष वाटे. मलाही वाटते. नगरच्या पाहुणचाराचा आणि बोस्टनच्या उपकारांचा हिशेब मांडायचा झाला, तर तो या ओसरीपासून मांडावा लागेल.

नगरला मिशनचे ठाणे १८३१च्या अखेरीस पडले. ग्रेव्हज, रीड आणि हर्वी हे तीन मिशनरी आले आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण समाजातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ होते. १८३३ मध्ये येथे मंडळीची रीतसर स्थापना झाली. हर्वी आणि बाबाजी दोघेही वर्षा-दोन वर्षांत पटकीनेच गेले. त्यानंतरचे काम मराठी वाचकांना थोडेफार ठाऊक असते. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक निघाले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या आणि १८६२ मध्ये येथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या होत्या आणि सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. या शाळांना पैसा येई तो बहुतांशी लहान लहान गावांतल्या मंडळ्यांतून. १८६८ मध्ये बोस्टनला बायकांचे स्वतंत्र मिशन मंडळ निघाले आणि घराघरांत पेटीत टाकलेली नाणी एकत्र करून त्यांनी आमच्याकडच्या मुलींना शिकवले.

या बायकांचे नियतकालिक सुरुवातीच्या काळात ‘लाइफ अँड लाइट फॉर हीदन विमेन’ या नावाने निघत असे. ‘हीदन’ म्हणजे मूर्तिपूजक, रानटी. पुढे त्यांनी नावातला तो शब्द काढला. ज्या हातांनी पेटीत नाणे टाकले त्याच हातांनी हे नाव छापलेले नियतकालिक उघडले, हे लक्षात ठेवून मी त्या काळाकडे पाहते. नाण्याबद्दलची कृतज्ञता त्यामुळे कमी होत नाही, आणि त्या शब्दाची टोचही कमी होत नाही. माझी पणजी १९००च्या दुष्काळात पोरकी झालेली. त्या दुष्काळात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाच्या बोटीने सुमारे दोन लाख बुशेल मका मुंबईला आला आणि नगरचे रॉबर्ट ह्यूम यांच्यावर मदतवाटपाची मोठी जबाबदारी होती. पणजी मिशनच्या अनाथगृहात वाढली. तिच्या पोषणाचा खर्च अमेरिकेतली एक शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मवर्ग, करीत असे आणि दर वर्षी तिचे छायाचित्र तिकडे पाठवले जाई. आपण कोणत्या गावाच्या पैशावर जेवलो ते तिला म्हातारपणीही पाठ होते, पण त्या गावातल्या एकाही माणसाचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. छायाचित्रे एकाच दिशेने गेली.

बोस्टनला हे कळत नव्हते असे नाही. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः येथे येऊन गेले. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण चालवावा आणि आपला प्रसार आपण करावा, असे त्यांचे ठाम मत होते. त्याच सुमारास हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरच्या मंडळीचे पाळक नेमण्यात आले. अँडरसन यांचे तत्त्व मला मान्य आहे; पण दुष्काळी मुलखातल्या, बहुतांशी भूमिहीन माणसांच्या मंडळीला स्वतःचा खर्च चालवायला सांगणे आणि पगारपत्रकावरची सही मात्र मिशनरी साहेबांची ठेवणे, या दोन गोष्टी पुढे पाऊणशे वर्षे एकत्र नांदल्या. ज्याच्या हाती पगार, त्याच्या हाती शेवटचा शब्द. प्रेमळ माणसांच्या बाबतीतही हे खरे होते, आणि त्यांतले कित्येक जण खरोखरच फार प्रेमळ होते.

हे दुखणे सर्वांत स्वच्छ शब्दांत मांडले ते एका तमिळ माणसाने. १९१० मध्ये एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली असता व्ही. एस. अझरिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांसमोर सांगितले की, तुम्ही गरिबांना अन्न मिळावे म्हणून आपले धन दिले आहे, आपली शरीरे जाळण्यासाठी दिली आहेत, आम्ही प्रीतीही मागतो. आम्हांला मित्र द्या. सभागृहात पुष्कळांना ते झोंबले. आमच्या नगरात त्याच प्रश्नाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या जगण्याने उत्तर दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यापासून ते मिशनबरोबर काम करीत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. मिशनऱ्यांशी त्यांनी वैर केले नाही. ज्यांच्याशी मैत्री ठेवायची त्यांच्याकडून पगार घ्यायचा नाही, एवढेच त्यांनी ठरवले असावे असे मला वाटते. दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते वारले. दरबार नीट उभा राहायला वेळच मिळाला नाही.

टिळकांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याविषयी आपल्याकडे कमी बोलले जाते. त्यांची भक्तिगीते निकोल मॅक्निकल या पुण्यात राहिलेल्या स्कॉटिश मिशनऱ्याने इंग्रजीत नेली आणि त्यांतले एक गीत तिकडच्या उपासनेच्या पुस्तकांत छापले गेले. शंभर वर्षे मका, पाट्यापुस्तके, औषधे आणि छपाईची यंत्रे इकडे येत होती. उलट दिशेने गेलेली ही एक वस्तू, आणि ती एका मराठी माणसाच्या प्रार्थनेची होती.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १९२४ मध्ये नगरच्या मंडळ्या ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त सामील झाल्या. १९४७ मध्ये भास्करराव हिवाळे यांनी अमेरिकेतील मित्रांचे साहाय्य मिळवून अहमदनगर कॉलेज सुरू केले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. मिशनरी एकेक करून परत गेले किंवा येथल्याच मातीत विसावले. तिकडचे बोर्डही दुसऱ्या मंडळांत विलीन झाले. आता ‘मिशन’ आणि ‘मिशन क्षेत्र’ असे न म्हणता ‘भागीदार मंडळ्या’ म्हणायचे ठरले, आणि दोन्हीकडच्या एकेका मंडळीने एकमेकींशी थेट ओळख करावी अशी कल्पना निघाली.

१९८८ मध्ये आमच्या मंडळीला अशी एक मंडळी मिळाली. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते, इंग्रजी बरे होते, म्हणून पंच कमिटीने पत्रव्यवहार माझ्याकडे दिला. पहिल्या पत्रात काय लिहावे यावर कमिटीची दीड तास बैठक झाली. शेवटी ठरले की मंडळीचा इतिहास थोडक्यात द्यावा, सभासदसंख्या द्यावी आणि गरजांची यादी जोडावी. आमच्या देवळाचे, म्हणजे चर्चच्या इमारतीचे, पत्रे गळत होते. विहिरीवरची मोटार जळाली होती. वसतिगृहाच्या न्हाणीघराला दार नव्हते. मी प्रत्येक गोष्टीचा खर्च रुपयांत आणि डॉलरांत लिहिला. उत्तर प्रेमळ होते आणि सोबत मोटारीचे पैसे होते. दुसऱ्या पत्रात मी आभार मानले आणि पत्र्यांचा विषय काढला.

पुढची तीस वर्षे हाच पायंडा राहिला. नाताळला त्यांचे कार्ड येई, त्यावर बर्फात उभ्या असलेल्या त्यांच्या पांढऱ्या देवळाचे चित्र असे. कापणीच्या सणाला आमच्याकडून छायाचित्रे जात. वेदीपुढे रचलेले बाजरीचे कणीस, भोपळे, कोंबड्या, आणि लिलावात चारपट किमतीला गेलेले पहिले डाळिंब. पैसे थेट आमच्या नावावर येत नसत, कारण परदेशी देणगी घेण्याची नोंदणी आमच्यासारख्या लहान मंडळीकडे नव्हती. ते एका मोठ्या नोंदणीकृत संस्थेकडे येत आणि तिथून आमच्याकडे. दोनदा त्यांचे पाहुणे आले. आम्ही त्यांना हार घातले, पुरणपोळी वाढली, सगळ्या इमारती दाखवल्या. पाहुण्यांनी जाताना विचारले की आपल्याला आणखी कशाची गरज आहे. आम्ही यादी तयारच ठेवली होती. त्यांना आम्ही उलट काही विचारावे, हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. अमेरिकन माणसाला कशाची उणीव असणार, हा विचार आमच्या मनात इतका खोल गेला होता की तो विचार आहे हेच जाणवत नसे.

येथे माझ्या स्वतःच्या वाट्याची चूक सांगितली पाहिजे. १९९६च्या सुमारास त्यांच्या एका पत्रात शेवटी एक वाक्य होते की यंदा आमच्या पाळकबाई सोडून जात आहेत आणि दुसरे पाळक पूर्णवेळ मिळतील असे दिसत नाही. मी कमिटीसमोर पत्राचा मराठी अनुवाद वाचला तेव्हा ते वाक्य गाळले. मुद्दाम गाळले असे नाही. बैठकीला त्याचा उपयोग नव्हता, असे मला वाटले. फाइल चाळताना ते पत्र अलीकडे पुन्हा हाती आले आणि त्या ओळीजवळ माझ्याच हाताने पेन्सिलीने मारलेली बारीक फुली दिसली.

२०१८च्या ऑक्टोबरात मी मुलीच्या बाळंतपणासाठी बोस्टनजवळ राहिले होते. एका रविवारी जावयाने मला दीड तास मोटारीने त्या गावी नेले. कार्डावरचे पांढरे देऊळ मी लगेच ओळखले, मात्र लाकडावरचा रंग बऱ्याच ठिकाणी उडालेला होता. आत तीनशे माणसे बसतील एवढी बाके होती आणि माणसे तेवीस होती. मोजण्याची सवय मला आजोबांपासून लागली आहे. त्या तेविसांत पन्नाशीच्या आतले कोणी नव्हते. उपासना चालवायला शेजारच्या गावचे पाळक महिन्यातून दोनदा येत. बाकीचे रविवार त्यांचे ते वाचन आणि प्रार्थना करीत. हिवाळ्यात एवढी मोठी जागा तापवायला तेलाचा खर्च झेपत नाही, म्हणून जानेवारी ते मार्च ते तळघरातल्या लहान खोलीत जमत. शब्बाथ शाळा २००९ मध्येच बंद झाली होती, कारण शेवटची दोन मुले मोठी होऊन गाव सोडून गेली.

उपासनेनंतर कॉफी होती. एका आजींनी कपाटातून पुठ्ठ्याचे खोके काढून माझ्यापुढे ठेवले. त्यात आमची सगळी पत्रे तारखेवारी लावलेली होती. प्रत्येक पत्र उपासनेत मोठ्याने वाचले गेले होते आणि वाचणाऱ्याचे नाव कोपऱ्यात लिहिलेले होते. आजी मला म्हणाल्या की तुमच्या पत्रांतून आम्हांला पत्र्याची किंमत कळली, मोटारीची कळली, पण तुमच्या मुलांची नावे कधी कळली नाहीत. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मी त्यांना विचारले की तुमच्याकडची परिस्थिती तुम्ही आम्हांला कधी का कळवली नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या की तुम्ही आमच्यावर विसंबून होता. आम्ही थकत चाललो आहोत हे सांगून तुम्हांला काळजीत टाकणे बरे वाटले नाही. मग खाली मान घालून त्यांनी सांगितले की, आणि लाजही वाटली.

आमच्या पत्र्यांसाठी पैसे पाठवले त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मनोऱ्याची दुरुस्ती पुढे ढकलली होती, हे मला दुसऱ्याच एका गृहस्थांकडून कळले. आजींनी ते सांगितले नसते.

निघण्यापूर्वी त्यांनी मला प्रार्थना करायला सांगितली आणि ती तुमच्या भाषेत करा असे म्हटले. मी मराठीत प्रार्थना केली आणि शेवटी प्रभूची प्रार्थना म्हटली. एका शिक्षकाने नंतर विचारले की त्यात ‘आमच्या’ असा शब्द सारखा ऐकू आला, त्याचा अर्थ काय. मी त्यांना सांगितले की मराठीत या अर्थाचे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून बोलायचे तेव्हा ‘आमचा’ आणि ऐकणाऱ्याला बरोबर घेऊन बोलायचे तेव्हा ‘आपला’. देवाशी बोलताना ‘आमचा पिता’ म्हणणे बरोबर, कारण देव काही आपल्या ओळीत बसलेला मुलगा नाही. हे समजावून सांगत असतानाच माझ्या लक्षात आले की इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तीस वर्षे मी कागदावर काय लिहिले याचा पत्ता कोणाला लागला नाही. मनात मात्र प्रत्येक पत्रात मी ‘आमची मंडळी’ असेच म्हणत होते.

परत आल्यावर मी कमिटीपुढे सगळे सांगितले. फुली मारलेल्या वाक्याचेही सांगितले. काही वेळ कोणी बोलले नाही. मग एका पंचांनी सुचवले की त्यांना काही रक्कम पाठवावी. सगळ्यांनाच ते आवडले, पण मंडळीच्या नावाने परदेशात पैसे पाठवणे सोपे नाही हे खजिनदारांनी समजावले, आणि खरे म्हणजे आमच्या वर्षभराच्या दानाच्या थैलीतून त्यांच्या एका महिन्याचे तेलही आले नसते. बायबलमध्ये फिलिप्पै येथील मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेल्या पत्रात ‘देण्याघेण्याचा’ उल्लेख आहे: सुरुवातीच्या काळात तुमच्यावाचून दुसऱ्या कोणत्याही मंडळीने माझ्याशी देण्याघेण्याचा व्यवहार ठेवला नाही, असे तो म्हणतो. पाळकसाहेबांनी ते वचन वाचले आणि विचारले की देण्याघेण्यात पैसा नसेल तर काय उरते. भगिनी मंडळाच्या एका सत्तर वर्षांच्या सभासद म्हणाल्या की आजाऱ्यांची नावे मागवा, ती तर द्यायला कोणाला पैसे पडत नाहीत. ठराव लिहिताना सेक्रेटरींनी ‘आमच्या भागीदार मंडळीतील आजारी सभासद’ असे लिहिले होते. त्याच बाईंनी तो शब्द खोडून ‘आपल्या’ करायला लावला. मी प्रार्थनेतला प्रसंग त्यांना सांगितला नव्हता.

अशा रीतीने २०१९च्या जानेवारीत याद्यांची देवघेव सुरू झाली. शुक्रवारी ईमेलने त्यांची नावे येत, त्याच दिवशी आमची जात. पहिल्या आठवड्यांत दोन्हीकडे संकोच होता. आजार काय ते लिहावे की नाही, असा प्रश्न होता. आमच्याकडे आजार मंडळीपुढे मोकळेपणाने सांगतात, त्यांच्याकडे परवानगी घेतल्याशिवाय सांगत नाहीत. म्हणून त्यांच्या यादीत नुसती नावे असत आणि आमच्या यादीत नावापुढे सारी कहाणी. हळूहळू त्यांच्या नावांपुढेही एखादे वाक्य येऊ लागले. पडून खुबा मोडला. नवरा ओळखत नाही. मुलगा दारूतून बाहेर आला आहे, प्रार्थना चालू ठेवा. हे शेवटचे वाचल्यावर आमच्या मंडळीतल्या तीन आया उपासनेनंतर माझ्याकडे आल्या आणि आपापल्या मुलांची नावे त्याच कारणासाठी यादीत घालण्यास सांगून गेल्या. इतकी वर्षे त्यांनी ती नावे आमच्यासमोरसुद्धा उच्चारली नव्हती.

सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेकडे आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास मनाई झाली आणि अशा देणग्यांसाठी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते असणे सक्तीचे झाले. आमच्याकडे येणारी वाट त्या दिवशी बंद झाली. दोन वर्षांपूर्वी हे झाले असते तर पत्रव्यवहारही तिथेच संपला असता, याविषयी मला शंका नाही. त्या शुक्रवारी नेहमीसारखी यादी आली. पैशांविषयी त्यांनी एका ओळीत खेद लिहिला होता, आणि खाली नऊ नावे होती.

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत आमची यादी दोन पानांवर गेली. नगरच्या इस्पितळांत खाटा नव्हत्या, प्राणवायूची नळकांडी मिळत नव्हती, देऊळ बंद होते आणि मी फोनवर नावे गोळा करीत होते. शुक्रवारी पाठवलेल्या नावांतले एखादे रविवारपर्यंत आजाऱ्यांत राहत नसे. तिकडे आदल्या वर्षी अशीच पाळी येऊन गेली होती, त्यामुळे समजावून सांगावे लागले नाही. त्या दिवसांत आजींनी मला लिहिले की आमची उपासना दहा वाजता सुरू होते तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणून त्या वेळी तुम्ही सगळे घरात दिवे लावून बसला असाल असे समजून आम्ही नावे वाचतो. मी हिशेब केला. आमच्या देवळात नावे वाचली जातात ती साधारण साडेनऊला. तिकडे उन्हाळ्यात तेव्हा बरोबर मध्यरात्र असते. हे मी त्यांना कळवले. पुढच्या पत्रात त्यांनी लिहिले की म्हातारपणी शनिवारी रात्री बाराला मी जागीच असते, आता जागे राहण्याला कारण मिळाले.

मंडळी या शब्दाची मला अलीकडे फार गंमत वाटते, म्हणजे त्याचा आनंद वाटतो. आपण ‘घरची मंडळी’ म्हणतो, ‘जेवायला मंडळी बसली’ म्हणतो. इमारतीला मंडळी म्हणत नाहीत. २०२३च्या जून महिन्यात त्या गावच्या सभासदांनी मतदान करून आपले देऊळ बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा ते चौदा जण उरले होते. इमारत विकली गेली, तिथे आता संगीताचे कार्यक्रम होतात असे कळते. जमलेल्या पैशांचा विनियोग करण्यापूर्वी त्यांनी आम्हांला पत्र लिहून कल्पना दिली, आणि खोक्यातली आमची पत्रे त्या भागातील एका संग्रहालयात ठेवण्यास आमची संमती मागितली. पस्तीस वर्षांत आमच्याकडे संमती मागितली गेली अशी ती पहिलीच वेळ होती. कमिटीने संमती दिली. एक अट मात्र घातली की त्यात याद्याही ठेवाव्यात.

शेवटच्या उपासनेच्या दिवशी त्यांनी टिळकांचे ते इंग्रजीत गेलेले गीत म्हटले. आम्ही सुचवले नव्हते. कोणीतरी जुन्या गीतपुस्तकात खाली कवीचे नाव पाहिले होते.

त्यानंतर चौदा जण तीन वेगवेगळ्या मंडळ्यांत विखुरले. यादी पाठवणारे कोणी राहिले नाही. आजी आता वृद्धाश्रमात आहेत आणि ईमेल त्यांची भाची वाचून दाखवते. आमच्या पंच कमिटीत प्रश्न निघाला की भागीदार मंडळीच उरली नाही, तेव्हा यादीतला तो भाग काढावा का. ‘आपल्या’ शब्दासाठी हटून बसलेल्या बाई मागच्या वर्षी वारल्या; त्या असत्या तर हा प्रश्न निघाला नसता. त्यांच्या जागी आलेल्या त्यांच्या सुनेने एवढेच विचारले की ती माणसे बरी झाली का. नाही, असे मी सांगितले. विषय तिथेच संपला.

गेल्या रविवारी यादीत सत्तावीस नावे होती, त्यांतली दोन तिकडची. वाचणारा मुलगा आठवीतला आहे. आजींचे आडनाव त्याला नीट उच्चारता येत नाही, म्हणून तो आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन ते देवनागरीत लिहून घेऊन जातो आणि वहीत पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढतो.